रव्याच्या दाण्याचा फोटो, शंभर किलोमीटरवरून!

दोस्तांनो, एक काम कराल? जरा स्वयंपाकघरात जा. रव्याच्या डब्यातून एक दाणा बोटावर घ्या. एकच हं! मूठभर घेतलात तर ओरडा बसेल.

दिसतोय का? अगदी बारीक, टिंबाएवढा! आता समजा, हा दाणा आपण पुण्यात नेऊन ठेवला आणि तुम्ही कॅमेरा घेऊन मुंबईत उभे राहिलात. काढा बरं त्याचा फोटो!

“छ्या! काहीतरीच काय!” असंच म्हणालात ना?

पण खरं सांगू? दरवर्षी ऑगस्ट महिन्यात जगभरातले हजारो हौशी लोक अगदी हेच करतात. कुणी दुकानदार, कुणी शिक्षक, कुणी कॉलेजात शिकणारी ताई. रात्रभर माळरानावर बसतात आणि साधारण शंभर किलोमीटरवरच्या एवढ्याशा कणाचा फोटो घेऊन सकाळी घरी येतात. तोही झगझगीत!

कसा? या, जवळ सरका. सांगते सगळं.

तारा तुटला? हजेरी घ्या!

रात्री गच्चीवर झोपताना आकाशात सर्रकन एक रेघ ओढली जाते आणि आजी म्हणते, “अगं बाई, तारा तुटला!” ऐकलंय ना हे?

मग दुसऱ्या रात्री ताऱ्यांची हजेरी घ्या. सप्तर्षी? सातही हजर! ध्रुव? हजर! एकही तारा गैरहजर नसतो. मग काल तुटलं ते काय होतं?

ती होती उल्का. तारा म्हणजे आपल्या सूर्यासारखा प्रचंड मोठा गोळा. आणि उल्का? अवकाशातून आपल्या हवेत घुसलेला धुळीचा कण! बहुतेक वेळा वाळूच्या किंवा रव्याच्या दाण्याएवढाच.

आता ओळखा पाहू, ही धूळ सांडली कुणी?

वाळूचा ट्रक आणि धूमकेतू

रस्त्याने वाळूचा ट्रक गेलेला पाहिलाय? मागच्या फळीतून वाळू गळत जाते. ट्रक निघून जातो, पण रस्त्यावर वाळूचा पट्टा राहतो.

आकाशातही असे ट्रक आहेत. त्यांचं नाव धूमकेतू! धूमकेतू म्हणजे धूळ मिसळलेला बर्फाचा गोळा. काडीवरच्या गोळ्यावर सरबत ओततात ना, तसं इथे धूळ आणि खडे! सूर्याजवळ आला की तो तापतो, त्याच्या बर्फाची वाफ होते आणि वाफेबरोबर धूळ उधळली जाते. धूमकेतू पुढे जातो, धुळीचा पट्टा मागे राहतो.

ऑगस्टमधल्या उल्का ज्या ट्रकमधून सांडल्या, त्याचं नाव ‘स्विफ्ट-टटल’. असं जोडनाव का? कारण १८६२ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेत लुइस स्विफ्ट आणि होरेस टटल या दोघांनी तो वेगवेगळा शोधला. दोघांमध्ये फक्त तीन दिवसांचं अंतर! म्हणून नाव दोघांचंही लागलं. भांडण नको!

हा गोळा केवढा, माहीत आहे? सुमारे २६ किलोमीटर रुंद! सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला साधारण १३३ वर्षं लागतात. मागच्या वेळी तो १९९२ साली येऊन गेला. तेव्हा तुमचे आईबाबा शाळेत असतील. आता येणार थेट २१२६ साली! तोवर तुम्ही शंभरी गाठलेले पणजोबा-पणजी झाला असाल.

पण त्याची धूळ मात्र दरवर्षी भेटते. आपली पृथ्वी सूर्याभोवती फिरताना दर ऑगस्टमध्ये त्या धुळीच्या पट्ट्यातून जाते. शाळेच्या वाटेवर रोज तोच खड्डा लागतो ना, तसंच! म्हणूनच १२-१३ ऑगस्टच्या सुमारास एकामागून एक उल्का दिसतात. यालाच म्हणतात उल्कावर्षाव. काळोख्या, स्वच्छ जागी तासाला पन्नास-साठसुद्धा दिसू शकतात!

या उल्का आणि तो धूमकेतू यांचं नातं १८६६ साली इटलीतल्या जोव्हान्नी स्कियापारेल्ली यांनी ओळखलं. उल्कावर्षावाची ‘आई’ सापडली, ती पहिल्यांदाच!

सायकलचा पंप आणि उल्का

आता तुम्ही विचाराल, एवढासा दाणा इतका चमकतो कसा?

कारण तो धावतो! ताशी किती माहीत आहे? ताशी नाही हो, सेकंदाला! एका सेकंदाला ५९ किलोमीटर! मुंबईहून पुण्याला जायला आपल्याला तीन तास लागतात. हा दाणा तीन सेकंद व्हायच्या आत पोचेल. घाटात वडापाव खायलासुद्धा थांबणार नाही!

सायकलमध्ये भराभर हवा भरा आणि पंपाच्या खालच्या टोकाला हात लावा. गरम लागतो ना? हवा दाबली की ती तापते. उल्का इतक्या जोरात हवेत घुसते, की तिच्या पुढची हवा दाबली जाते आणि भयंकर तापते. दाणा वितळतो, त्याची वाफ होते आणि आजूबाजूची हवाही चमकू लागते. म्हणजे फोटोत दिसतो तो दाणा नव्हेच! दिसते ती त्याने पेटवलेली झगमगती वाट!

आणि घाबरू नका. हे सगळं जमिनीपासून ८० ते १०० किलोमीटर उंचीवर घडतं. या वर्षावातला एकही कण आपल्या डोक्यावर पडत नाही. तव्यावर शिंपडलेल्या पाण्याच्या थेंबासारखा चर्रकन नाहीसा होतो.

त्यांचा उन्हाळा, आपला श्रावण

युरोपात आणि अमेरिकेत ऑगस्ट म्हणजे ऐन उन्हाळा. सुट्टीचे दिवस, उबदार रात्री, बहुतेक ठिकाणी मोकळं आकाश. लोक चटया आणि खुर्च्या घेऊन टेकड्यांवर, समुद्रकिनाऱ्यांवर जाऊन झोपतात. इटलीत १० ऑगस्टला संत लॉरेन्स यांचा दिवस असतो. म्हणून तिथे या उल्कांना म्हणतात ‘संत लॉरेन्स यांचे अश्रू’. उल्का दिसली की मनात इच्छा धरायची, अशी तिथली गंमत!

आणि आपल्याकडे? आपल्याकडे असतो पाऊस! ढगांच्या गोधडीआड उल्का पडत राहतात आणि आपण खाली भजी खात बसतो.

पण नावाच्या बाबतीत आपली मजा जास्त आहे. या उल्का आकाशाच्या ज्या भागातून येताना दिसतात, त्या तारकासमूहाला आपण म्हणतो ययाती. त्याच्या शेजारी देवयानी. आणि जवळच इंग्रजी ‘एम’सारखी दिसणारी शर्मिष्ठा. महाभारतातलं अख्खं कुटुंब तिथे राहतं!

पण उल्का खरोखर ययातीमधून निघतात का? मुळीच नाही! रेल्वे स्टेशनवर उभं राहून दूरवर बघा. रूळ लांब कुठेतरी एका टिंबाला मिळाल्यासारखे वाटतात. खरंतर ते मिळत नाहीत. उल्काही अशाच एकमेकींना समांतर येतात आणि आपल्याला मात्र वाटतं, सगळ्या एकाच टिंबातून निघाल्या.

बादली लावा, थेंब पडेल!

आता येऊ या फोटोकडे. उल्का दिसली, “अय्या!” म्हणालात, कॅमेरा उचलला, बटण दाबलं. काय आलं फोटोत?

रिकामं आकाश! उल्का बहुतेक वेळा एका सेकंदाच्या आतच विझते. तुमचं “अय्या” पूर्ण व्हायच्या आधी ती गेलेली असते.

मग या हौशी लोकांची युक्ती काय? ते उल्केच्या मागे धावतच नाहीत! पावसात पागोळ्यांखाली बादली लावून ठेवतो ना आपण? थेंब कधी पडेल ते माहीत नसतं. बादलीचं तोंड उघडं ठेवायचं आणि वाट बघायची. तसंच ते कॅमेऱ्याचं तोंड आकाशाकडे उघडं ठेवतात. पंधरा-वीस सेकंद उघडं. मिटलं, की लगेच पुन्हा उघडं. असं रात्रभर!

त्यासाठी काय काय लागतं? बघा, एवढंच:

पहिला, ट्रायपॉड. म्हणजे तिपाई. हातात धरलेला कॅमेरा वीस सेकंद स्थिर राहील? मागच्या बाकावरची मुलंसुद्धा नाही राहत!

दुसरं, खूप रुंद दृश्य दिसणारी लेन्स. उल्का कुठे पडेल ते सांगता येत नाही ना? मग बादली लहान कशाला, घमेलंच लावा!

तिसरं, लेन्सची बाहुली पूर्ण उघडी. काळोखात मांजरीचे डोळे कसे मोठ्ठे होतात, तशी.

चौथं, आयएसओ. म्हणजे कॅमेऱ्याचे कान किती तिखट ते! वर्गात शेवटच्या बाकावरची कुजबुजही ज्या बाईंना ऐकू येते, त्यांचा आयएसओ जास्त. कॅमेऱ्यात तो साधारण १६०० ते ३२०० ठेवतात. फारच वाढवला तर? फोटो रवाळ होतो. बघा, रवा इथेही आलाच!

पाचवी गोष्ट सगळ्यांत नाजूक. अंधारात कॅमेऱ्याला आपोआप फोकस करता येत नाही. तो बिचारा इकडेतिकडे चाचपडत राहतो. म्हणून एखादा ठळक तारा पडद्यावर मोठा करून बघायचा आणि तो टाचणीच्या टोकासारखा दिसेपर्यंत लेन्सची कडी हातानेच फिरवायची. एकदा जमलं की कडीला हात लावायचा नाही! काही जण तर तिथे चिकटपट्टीच लावतात.

आणि कॅमेरा वळवायचा कुठे? ययातीकडे? चूक! समोरून थेट आपल्याकडे येणारा चेंडू जागच्या जागी टिंबासारखा दिसतो. बाजूने गेलेला चेंडू लांब रेघ काढतो. उल्कांचंही तसंच. म्हणून हात लांब करायचा, मूठ वळायची आणि ययातीपासून तीन-चार मुठी बाजूला कॅमेरा लावायचा. लांबलचक रेघा तिथेच मिळतात!

वीसच सेकंद का?

हुशार मुलांनो, एक प्रश्न. तोंड उघडंच ठेवायचं, तर अर्धा तास का नाही ठेवायचं?

कारण आपण गरगरत्या पाळण्यावर बसलोय! पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाशातले तारे सरकताना दिसतात. जास्त वेळ ठेवलं तर टिंबासारख्या ताऱ्यांच्या शेवया होतात.

किती वेळ चालेल याचं फोटोवाल्यांचं एक गमतीदार गणित आहे. ५०० ला लेन्सच्या आकड्याने भागायचं. लेन्स २० मिलिमीटरची असेल, तर ५०० भागिले २० म्हणजे किती? शाब्बास! २५ सेकंद. बघा, भागाकार कुठे कुठे उपयोगी पडतो!

आता ऐका सगळ्यांत अजब गोष्ट. तोंड जास्त वेळ उघडं ठेवलं, तर तारे जास्त ठळक येतात. पण उल्का? ती जराही ठळक होत नाही!

विश्वास नाही ना बसत? मग घरीच करून बघा. मोठ्यांच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘प्रो’ नावाचा प्रकार असेल, तर त्यात शटर, म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड, चार सेकंद उघडं ठेवा. मोबाइल पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवा. दिवे बंद! आता एक छोटा टॉर्च मोबाइलसमोर हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. फोटोत जाड, झगझगीत रेघ येईल. मग तोच टॉर्च झप्पकन न्या. रेघ बारीक आणि फिकी!

का बरं? टॉर्च झप्पकन गेला तेव्हा फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यावर त्याचा उजेड क्षणभरच पडला. नंतर तोंड कितीही वेळ उघडं ठेवा, टॉर्च तर पुढे निघून गेला! ओल्या सिमेंटवरून पळत गेलेल्या मांजरीचा ठसा, नंतर तासभर तिथे बघत बसलं तरी खोल होतो का? उल्का म्हणजे तीच मांजर! म्हणून तिला पकडायला उघडी बाहुली आणि तिखट कानच हवेत. नुसता वेळ देऊन भागत नाही.

रात्रीची गंमत, सकाळची शोधाशोध

मध्यरात्रीनंतर उल्का वाढतात. का? पावसात धावणाऱ्या एसटीच्या पुढच्या काचेवर थेंब जास्त आपटतात की मागच्या? पुढच्या! मध्यरात्रीनंतर आपलं गाव पृथ्वीच्या ‘पुढच्या काचेवर’ येतं. म्हणून खरी मजा पहाटे.

पण पहाटेच एक चोर येतो. दव! फ्रीजमधून काढलेल्या पेल्यावर पाणी जमतं ना, तसं गार पडलेल्या लेन्सवर दव जमतं आणि सगळे फोटो धुरकट. त्यावर उपाय काय असेल? लेन्सला मोजा घालायचा! त्यात हात शेकायच्या गरम पुड्या खोचायच्या. कॅमेऱ्यालाही थंडी वाजते, बरं का!

सकाळी सुरू होतं खरं काम. वीस-वीस सेकंदांचे फोटो म्हणजे तासाला साधारण १८०. पाच तासांत ९००! त्यातल्या बहुतेक फोटोंत उल्का नसतेच. एकेक फोटो बघायचा, तांदूळ निवडतात तसा.

आणि त्यात तोतयेही असतात! विमानाची रेघ टिंबाटिंबांची असते, धावदोऱ्याच्या टाक्यांसारखी. कृत्रिम उपग्रहाची रेघ लांब, आणि पुढच्या फोटोतही ती पुढे सरकलेली दिसते. उल्का मात्र बहुतेक वेळा एकाच फोटोत येते. तिचा आकार कसा? लाटण्यासारखा! दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये जाड.

रंग बघाल तर थक्क व्हाल. या उल्का फोटोत बरेचदा सुरुवातीला हिरव्या आणि पुढे गुलाबी-लालसर दिसतात. तो हिरवा रंग येतो हवेतल्या ऑक्सिजनमधून. हो, आपण श्वासात घेतो तोच! धूळ धूमकेतूची, रंग आपल्या हवेचा.

आता एक गुपित. एकाच फोटोत तीस-चाळीस उल्का कारंज्यासारख्या उडताना कधी पाहिल्यात? आकाश एका क्षणी तसं दिसत नाही हं! रात्रभरात सापडलेल्या उल्का नंतर संगणकावर एकाच चित्रात बसवलेल्या असतात. वर्गाचा फोटो काढताना आजारी असलेल्याला नंतर कोपऱ्यात चिकटवतात, तसंच! चांगले फोटोवाले हे प्रामाणिकपणे खाली लिहितात.

पहिला फोटो, आणि उलटा फोटो!

जगातला उल्केचा पहिला फोटो कधी निघाला, ओळखा! २७ नोव्हेंबर १८८५ रोजी. गाव प्राग, फोटो काढणारे लादिस्लाउस वाइनेक. ती उल्का होती देवयानीच्या वर्षावातली. म्हणजे ययातीच्या आधी देवयानीचा नंबर लागला!

आणि आपण तर उल्का बघायला मान वर करतो. पण एका माणसाने चक्क मान खाली घालून उल्केचा फोटो काढलाय! १३ ऑगस्ट २०११ रोजी अंतराळवीर रॉन गॅरन आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात होते. ते उल्का जिथे जळतात त्याच्याही कितीतरी वर! त्यांच्या फोटोत ययातीची उल्का खाली पृथ्वीकडे जाताना दिसते. तिसऱ्या मजल्यावरून अंगणातला भुईनळा बघावा, तशी!

आपला नंबर कधी?

२०२६ साली १२ ऑगस्टला योग भारीच जुळलाय. त्या संध्याकाळी स्पेनमध्ये खग्रास सूर्यग्रहण आणि रात्री उल्का! ग्रहण म्हणजे अमावास्या आलीच. आपल्याकडे ती दिव्यांची अमावास्या. आपण घरात दिवे उजळणार आणि ढगांच्या वर धूमकेतूही आपले दिवे लावणार! ढगांनी फट दिली, तर एखादा आपल्यालाही दिसेल.

पण हिरमुसू नका! आपला खरा मोसम आहे डिसेंबर. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतल्या उल्का पडतात. थंडी छान, बहुतेकदा आकाश स्वच्छ. संख्याही ययातीच्या उल्कांपेक्षा कमी नाही, उलट बरेचदा जास्तच! त्यांची ‘आई’ धूमकेतू नसून फेथॉन नावाचा लघुग्रह आहे. तो सापडला १९८३ साली. शिवाय मिथुन रात्री लवकर उगवते. म्हणजे पहाटेपर्यंत जागायला नको!

आणि या उल्का सेकंदाला ३५ किलोमीटरच धावतात. म्हणजे जरा हळू. टॉर्चचा प्रयोग आठवला? हळू गेलेली रेघ कशी येते? अगदी बरोबर! ठळक!

आईबाबांना घेऊन गावाबाहेर अंधाऱ्या जागी जा. पुण्यात १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. तिथल्या ताई-दादांना नक्की विचारा. टॉर्चवर लाल कागद लावा आणि वीस-तीस मिनिटं मोबाइलचा पडदा बघू नका, म्हणजे डोळे अंधाराला सरावतील.

मोबाइल? तो ठेवा की पुस्तकांच्या गठ्ठ्यावर, आकाशाकडे तोंड करून. आणि तुम्ही चटईवर उताणे पडा. कॅमेऱ्याचं तोंड उघडं आणि उल्का आली की तुमचंही उघडं!

आणि हो, तो बोटावरचा रव्याचा दाणा कुठे गेला? पडला ना खाली? शोधा, शोधा! हातभर अंतरावरचा दाणा सापडत नाही म्हणता, आणि शंभर किलोमीटरवरचा शोधायला निघालो आपण!